हवेतला लेथ

आमच्या तंत्रशिक्षण संस्थेतला लेथ अत्यंत सुस्थितीत आहे, ही बाब सर्वप्रथम नमूद करणे आवश्यक आहे. लोखंडाचा दांडा फिरता ठेवून त्याला हवा तो आकार देणारे हे यंत्र संस्थेत आले, तेव्हा आज तिथे शिकणाऱ्या मुलांचे आईबाप स्वतः शाळेत जात होते. तरीही त्याच्यावर ओरखडा नाही, तेलाचा डाग नाही, आणि त्याच्या खालच्या फरशीवर लोखंडाचा कीस आजतागायत पडलेला नाही. तपासणीला येणारे साहेब त्याच्यासमोर उभे राहतात, खिशातून कंगवा काढतात आणि त्याच्या चकचकीत अंगात पाहून भांग नीट करतात.

हा लेथ वरच्या कार्यालयाने पाठवला होता. त्या कार्यालयाचे म्हणणे असे, की गावात कारखाने यायचे तर कुशल हात हवेत, कुशल हात हवेत तर संस्था हवी, आणि संस्था म्हटली की तिच्यात यंत्र हवे. म्हणणे बिनतोड होते. यंत्रासोबत एक आदेश आला होता. त्यात दोनच वाक्ये होती. पहिले, ‘सदर यंत्राचा विद्यार्थ्यांना पुरेपूर लाभ व्हावा.’ दुसरे, ‘सदर यंत्राची झीज आढळल्यास संबंधित निदेशकास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.’

निदेशक म्हणजे यंत्र शिकवणारा शिक्षक. संबंधित निदेशक तेव्हा तरुण होते, नुकतेच नोकरीला लागले होते, आणि त्यांना लिहिलेले नीट वाचायची सवय होती. पहिल्या वाक्यात जबाबदार कोण, ते लिहिलेले नव्हते. दुसऱ्यात लिहिलेले होते. त्यांनी त्याच संध्याकाळी बाजारातून जाड कापड आणले, लेथला मापाची खोळ शिवून घेतली, खोलीला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकून खिशाला वरून टाचणी लावली. तेव्हापासून सगळे त्यांना खोळसर म्हणतात. खोळ निघते ती फक्त तपासणीच्या साहेबांसमोर.

खोळसर शिक्षक म्हणून कच्चे होते, असा समज कुणी करून घेऊ नये. त्यांच्याइतका जीव लावून शिकवणारा माणूस विरळा. आधी त्यांनी फळ्यावर लेथचे चित्र काढून शिकवून पाहिले. पण मुलांचे हात रिकामे राहिले की ते शेजाऱ्याच्या पाठीत जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी हवेतला लेथ काढला.

बाके भिंतीला सरकवली जात. मुले ओळीने उभी राहत. प्रत्येकासमोर थोडी मोकळी जागा. त्या जागेत त्याचा लेथ.

“बाह्या दुमडा,” सर म्हणत. बाह्या खऱ्याच असल्याने दुमडल्या जात.

“चष्मे लावा.” मुले चिमटीत नसलेले काहीतरी उचलून डोळ्यांवर चढवत.

“दांडा बसवा. घट्ट. ए मागचा, तुझा दांडा डुगडुगतोय.”

मागचा निमूटपणे आणखी अर्धा फेरा आवळी. मग सर म्हणत, “चालू,” आणि सगळा वर्ग तोंडाने घर्रर्र असा आवाज काढी. लेथचा आवाज कुणीच ऐकलेला नसल्याने तो पिठाच्या गिरणीवरून बेतलेला होता.

शिस्त कडक होती. घाईघाईत कुणी दुसऱ्याच्या लेथमधून आरपार चालत गेला, तर त्याला दिवसभर दाराबाहेर उभे करीत. एकदा एका मुलीने चालू यंत्रावर कोपर टेकवले, म्हणून तिच्या वडिलांना बोलावणे धाडले. वडील धापा टाकत आले.

“फार लागलं का हो सर?”

“या खेपेला वाचली,” सर म्हणाले. वडिलांनी डोळे पुसले आणि सरांचे आभार मानले.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक येत. तेही अशाच सुस्थितीतल्या संस्थांमधून शिकलेले असत, त्यामुळे त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. “हात केसभर पुढे गेला,” असे म्हणून ते अर्धा गुण कापत. तरी निकाल दरवर्षी शंभर टक्के. अपघात शून्य, नासाडी शून्य. संस्थेला ‘उत्कृष्ट’ श्रेणी मिळे आणि ती फाटकावर रंगवली जाई. रंग दरवर्षी नवा लागे. लेथचा मात्र मूळचाच होता.

या सगळ्या मुलांत सरस होती खोळसरांची स्वतःची धाकटी मुलगी. तिला घरात आणि वर्गात सगळे धाकटीच म्हणत. ती हवेत चाक फिरवू लागली, की दांडा दिसू लागे. कीस गळताना दिसे. परीक्षेत एका परीक्षकाने तो पायावर पडू नये म्हणून नकळत पाय मागे घेतला होता. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि तिथूनच तिचे बिघडले.

“बाबा,” ती जेवताना म्हणाली, “एकदा खऱ्याला हात लावू द्या.”

“हात लावशील. मग म्हणशील, चालवून बघते.”

“मग? तो चालवायलाच आणलाय ना?”

“वेडी आहेस का तू? चालवला तर झिजेल.”

आई वाढता वाढता म्हणाली, “त्या लेथची तिसरी खोळ शिवून झाली. माझ्या उशीचा अभ्रा फाटून वर्ष झालं. मला पण वरच्या कार्यालयानं पाठवायला हवं होतं. व्यक्तिशः जबाबदार धरलं असतं म्हणजे कळलं असतं.”

खोळसरांनी आमटीत लक्ष घातले. ते घरात कधी वाद घालत नसत.

धाकटीपुढे प्रश्न सरळ होता. शिक्षण संपले होते. गावात कारखाना नव्हता. दूरच्या शहरात मामाचे कापडाचे दुकान होते आणि मामाचा निरोप आला होता, की पोरगी नुसती बसून राहण्यापेक्षा गल्ल्यावर बसू दे. धाकटीला गल्ल्यावर बसायचे नव्हते. लोखंडाचा दांडा हातात घ्यायचा, तो फिरवायचा, आणि त्याचे काहीतरी करायचे, एवढेच तिला हवे होते.

तेवढ्यात कारखानदार आले.

पाण्याचे पंप बनवणारे हे गृहस्थ नवा कारखाना कुठे काढावा याचा शोध घेत होते. त्यांनी अहवाल मागवले. अहवालात एका गावाचे नाव सर्वांत वर होते. लेथवर काम करणारे इतके तरबेज विद्यार्थी, इतका निकाल, वर अपघात शून्य. ते प्राचार्यांसमोर येऊन बसले आणि म्हणाले, “मला तुमची सगळी मुलं हवीत. फक्त एकदा काम बघतो. जमलं तर कारखाना इथं, नाहीतर पलीकडच्या गावात.”

प्राचार्यांनी चहा मागवला. बातमी चहाच्या आधी गावभर झाली. ज्यांच्या घरात लग्नाची मुले होती त्यांनी स्थळांना दोन दिवस थांबायला सांगितले.

धाकटीला पहिले बोलावले. तिने बाह्या दुमडल्या, चष्मा लावला, दांडा बसवला आणि असे काही काम करून दाखवले, की प्राचार्यांचा ऊर भरून आला. शेवटी तिने तयार दांडा यंत्रातून काढला, फडक्याने पुसला आणि कारखानदारांपुढे दोन्ही हातांनी धरला.

कारखानदार तिच्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिले. “छान,” ते म्हणाले. “आता करून दाखव.”

“केलं की,” प्राचार्य म्हणाले.

“खऱ्या लेथवर.”

सगळ्यांनी खोळसरांकडे पाहिले. खोळसरांचा हात खिशावरच्या टाचणीकडे गेला आणि तिथेच थांबला.

“परवानगी लागेल,” ते म्हणाले.

परवानगी मागितली. वरच्या कार्यालयाने, मानलेच पाहिजे, अजिबात आडकाठी केली नाही. उत्तर आले, ‘सदर लेथ चालू करण्यास हरकत नाही. मात्र चालवणाऱ्या व्यक्तीस सदर लेथ चालवण्याचा पूर्वानुभव असावा.’

पूर्वानुभवी व्यक्तीचा शोध सुरू झाला. विद्यार्थी तर बादच होते. उरले खोळसर.

त्या दिवशी धाकटीने घरी विचारले, “बाबा, तुम्ही शिकत होता तेव्हा खऱ्या लेथवर काय काय केलंत?”

खोळसरांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. मग म्हणाले, “आमच्या सरांचा लेथ आपल्यापेक्षा चांगला होता. त्याला पितळी मूठ होती म्हणे.”

“म्हणे?”

“खोळ कधी निघाली नाही.”

आईने पदराने तोंड दाबले. ती हसत होती की काय, ते कुणी विचारले नाही.

कारखानदार मात्र वेळ काढणारे नव्हते. ते प्राचार्यांना म्हणाले, “तुमचा लेथ राहू द्या तुमच्यापाशी. माझी शेड, माझे लेथ, माझा मिस्त्री. तो शिकवेल या मुलांना. लोखंडावर शिकवेल. तुम्ही फक्त मुलं द्या.”

“न्या की,” प्राचार्य म्हणाले. “आमचं काय जातंय.”

शेड उभी राहिली. लेथ आले, ओळीने बसले. मिस्त्री आले. मिस्त्री आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. उजव्या हाताच्या एका बोटाचे टोक लेथने कधीच नेले होते, आणि त्याबद्दल त्यांच्या मनात लेथविषयी राग नव्हता. सोमवारपासून वर्ग सुरू होणार होता. धाकटीने नवी चप्पल न घालता जुने बूट घालायचे ठरवले होते.

सोमवारच्या आधी तपासणी अधिकारी आले. सभ्य गृहस्थ. आवाज चढवत नसत.

“इथं कोण शिकवणार?”

“हे,” कारखानदार म्हणाले.

“यांच्याकडे प्रमाणपत्र?”

“ते लेथवर काम करतात.”

“ते ठीक आहे. शिकवतील कसे? विनामान्यता शिकवणं हा गुन्हा आहे. उद्या मुलांच्या हाताला काही झालं तर?” त्यांची नजर मिस्त्रींच्या बोटावर गेली. “म्हणजे झालेलंच आहे.”

“मग करायचं काय?”

“सोपं आहे. जवळच उत्कृष्ट श्रेणीची संस्था आहे. यांना तिथं घाला. शिकू द्या.”

अशा रीतीने मिस्त्री खोळसरांच्या वर्गात दाखल झाले. नातवाच्या वयाच्या मुलांमध्ये ते ओळीत उभे राहिले. सर म्हणाले, “चष्मे लावा.” सगळ्यांनी लावले. मिस्त्रींनी आजूबाजूला पाहिले आणि विचारले, “मशीन कुठंय?”

त्यांच्या नावापुढे शेरा पडला, ‘मूलभूत संकल्पना अस्पष्ट.’

परीक्षेत ते नापास झाले. संस्थेच्या इतिहासातले ते पहिले नापास. त्यामुळे त्यांना ‘बाहेरचा विद्यार्थी’ ठरवून निकाल शंभर टक्के राखण्यात आला. पुढच्या परीक्षेत पुन्हा नापास. त्यांचा हात मूठ धरायला जाई, मूठ नसे, आणि तोल जाऊन ते शेजारच्या मुलाच्या लेथमध्ये पडत. तिकडे शेडमध्ये लेथ धूळ खात होते आणि मामाचा दुसरा निरोप आला होता, की गल्ल्यावर माणूस ठेवायचाच आहे, काय ते लवकर कळवा.

धाकटी एका सुट्टीच्या दिवशी शेडमागे गेली. मिस्त्री पायरीवर बसून चहा पीत होते.

“काका, मी शिकवते तुम्हाला.”

“काय?”

“हवेतला.”

“पोरी, माझे केस या कामात पांढरे झाले.”

“तेच आड येतंय. तुम्हाला मशीन आठवतं. ते विसरायचं. मशीन नाहीच आहे, मग चुकणार कसं? बदल्यात तुम्ही मला खरा शिकवायचा. पास झालात की पहिल्या दिवशी पहिला दांडा माझा.”

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. “तुझा बाप मला वर्गात ‘बाळा’ म्हणतो,” ते म्हणाले.

“सगळ्यांनाच म्हणतात. मनावर घेऊ नका. उभे राहा. बाह्या दुमडा.”

पोरीच्या हाताला गुण होता. हळूहळू मिस्त्रींची बोटे मूठ शोधायची थांबली. मग ते तोंडाने आवाज काढू लागले. सुरुवातीला खऱ्या लेथचा काढत, पण धाकटीने तो गिरणीवर आणला. पुढच्या परीक्षेत परीक्षक म्हणाले, “याला म्हणतात प्रगती,” आणि मिस्त्री विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले. प्रमाणपत्रावर त्यांचे पूर्ण नाव होते. इतक्या वर्षांत कुणी त्यांना नाव घालून काही दिले नव्हते. ते त्यांनी काचेत बसवून घेतले आणि घरी येईल त्याला दाखवले.

प्रमाणपत्राबरोबर त्यांना मान्यताप्राप्त प्रशिक्षक नेमल्याचा आदेशही मिळाला. त्यात दोन वाक्ये होती. मिस्त्री आता शिकलेले होते. त्यांनी ती नीट वाचली.

पहिल्या दिवशी धाकटी जुने बूट घालून सगळ्यांच्या आधी पोहोचली. शेडमध्ये उजेड छान येत होता. लेथ ओळीने उभे होते आणि प्रत्येकावर नवीकोरी खोळ होती. मिस्त्री मधल्या मोकळ्या जागेत उभे होते.

“ये,” ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. “बाह्या दुमड. चष्मा लाव.”

“कुठंय चष्मा?”

मिस्त्रींनी चिमूट उचलली आणि तिच्यापुढे धरली.

“काका, आपलं ठरलं होतं.”

“ठरलं होतं तेव्हा मी जबाबदार नव्हतो, पोरी.”

कारखानदार चिडले, टेबलावर मूठ आपटली, मिस्त्रींना काढून टाकतो म्हणाले. पण मान्यताप्राप्त प्रशिक्षक काढायचा तर दुसरा मान्यताप्राप्त आणावा लागतो, आणि तोही याच संस्थेत शिकलेला असतो. ते विचारात असतानाच वार्षिक पाहणी झाली. यंत्रांची झीज शून्य, अपघात शून्य, नासाडी शून्य, तयार मालाबद्दल तक्रार शून्य. कारखान्याला ‘आदर्श उद्योग’ म्हणून फलक देऊन गौरवण्यात आले. कारखानदारांनी आधी फलकाकडे पाहिले, मग शेडकडे, आणि मग मूठ सोडली.

पंप दुसरीकडून तयार येऊ लागले. त्यांच्यावर आमच्या कारखान्याची पत्र्याची चकती तेवढी ठोकली जाई. हे काम खरोखर हाताने करावे लागे, म्हणून ते शाळा सोडलेल्या लोकांना देण्यात आले. शिकलेली मुले शेडमध्ये हवेतल्या लेथवर पाळी करीत. उद्योगवाढ मोजताना बसवलेली यंत्रे आणि त्यांवर नेमलेले प्रशिक्षित हात मोजतात. दोन्ही भरपूर होते. पंचक्रोशीत आमच्या गावाचा वाढीचा वेग सर्वाधिक ठरला. दूरदूरचे पाहुणे बस करून पाहायला येऊ लागले. त्यांना एकच सूचना असे, की ओळींच्या मधून चालू नये, यंत्रे चालू आहेत.

धाकटीला कारखान्याने मोठे पद देऊ केले. सहायक प्रशिक्षक. खोळसरांना आनंद झाला. आई म्हणाली, “घे हो. नाहीतर मामा आहेच. इकडं हवा, तिकडं गल्ला.”

धाकटीने पद घेतले.

तिच्या पहिल्या तासाला नव्या मुलांची ओळ उभी होती. तिने बाह्या दुमडल्या. मग ती पहिल्या लेथपाशी गेली, खोळीच्या नाड्या सोडल्या, खोळ काढून नीट घडी केली आणि बाजूला ठेवली. चकत्या ठोकणाऱ्यांकडून आणलेला एक लोखंडी दांडा पिशवीतून काढला. तो बसवायला तिला बराच वेळ लागला, कारण तो जड होता. हवेत तो जड नसे. मग तिने बटण दाबले.

मुले दचकली. एक जण म्हणाला, “ताई, आवाज चुकतोय.”

आवाज ऐकून मिस्त्री धावत आले. “बंद कर,” ते म्हणाले. “बंद कर पोरी, झिजेल ते.” धाकटीने पाते दांड्याला लावले. पाते किंचाळले, दांडा थरथरला. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला आणि त्यांच्या तोंडून निघून गेले, “खाली घे जरा. वर लागलंय. खाली. हां. आता हळू, ढकलू नको, त्याला खाऊ दे.” मग त्यांच्या लक्षात आले आणि ते दोन पावले मागे सरकले. “मी काही बोललो नाही,” ते मुलांना म्हणाले.

कुणीतरी खोळसरांना बोलावून आणले. ते दारात आले तेव्हा कीस सुटू लागला होता. निळसर, गुंडाळत जाणारा, लांबच लांब. खोळसर जवळ आले. त्यांनी आयुष्यभर तो हवेत गळताना पाहिला होता. त्यांनी खाली वाकून एक तुकडा उचलला आणि झटक्यात टाकून दिला.

“गरम असतो,” ते म्हणाले.

बोटावर फोड आला होता. ते फोडाकडे पाहत होते.

“गरम असतो,” ते पुन्हा म्हणाले. “मी कुणालाच सांगितलं नाही.”

चौकशी समिती नेमणे भाग होते. तिच्यात आम्ही पालक होतो, कारण प्रश्न आमच्या मुलांचा होता. आरोप दोन होते. एक, यंत्राची झीज. दुसरा गंभीर होता : अपघात. खोळसरांना पुढे बोलावून बोट दाखवायला सांगितले. त्यांनी दाखवले. ते खोटे बोलणाऱ्यांतले नव्हते.

“श्रेणी जाणार,” प्राचार्य म्हणाले. “संस्थेची जाणार, कारखान्याची जाणार. मग या मुलांच्या प्रमाणपत्रांना विचारणार कोण?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. प्रत्येकाच्या घरी एकेक प्रमाणपत्र होते.

“पण पोरीनं केलंय काय, ते तरी बघा,” कुणीतरी मागून म्हणाले. तो दांडा टेबलावरच ठेवला होता. तो हातोहात फिरला. तो पंपाचा दांडा आहे हे काहींना सांगावे लागले. शेवटी आम्ही त्याची नोंद ‘अनोळखी वस्तू’ अशी केली.

तोडगा प्राचार्यांनीच काढला. धाकटीचे नाव सुरुवातीपासून पटावरून वगळायचे. ती संस्थेत शिकलीच नव्हती असे ठरले, म्हणजे तिने केले ते अप्रशिक्षित व्यक्तीचे कृत्य ठरते, आणि अप्रशिक्षित व्यक्तीने यंत्राला हात लावला की काय होते, याचे ते उत्तम उदाहरणही होते. निकाल शंभर टक्के राहत होता. ठराव एकमताने मंजूर झाला. संबंधित निदेशक म्हणून खोळसरांचीही सही लागत होती. त्यांनी केली. बोटाला पट्टी असल्यामुळे ती त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही, पण समितीने चालवून घेतली.

घरी आईने त्यांना वाढले आणि समोर बसली.

“तिच्या मापाची पण एक खोळ शिवून आणायची होती,” ती म्हणाली. “कापड मामाकडं मिळालं असतं.”

खोळसर त्या दिवशी जेवले नाहीत.

धाकटी मामाकडे गेली. ‘अनोळखी वस्तू’ कुणी मागितली नाही, म्हणून ती पिशवीत टाकून घेऊन गेली. दिवसभर ती गल्ल्यावर बसे. दुकानाच्या मागच्या गल्लीत एक काळवंडलेले वर्कशॉप होते. जमिनीवर तेल, भिंतींना काजळी, एकही यंत्र धड रंगाचे नव्हते. ती एके दिवशी तिथे गेली आणि काम मागितले. मालकाने विचारले, कुठे शिकलीस. ती म्हणाली, कुठेच नाही. कागदोपत्री ते खरेच होते. तिने पिशवीतून दांडा काढून टेबलावर ठेवला.

मालकाने तो उचलला, एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर फिरवली, बोट फिरवले.

“या टोकाला मार खाल्लाय,” तो म्हणाला.

“पहिलाच आहे.”

“ते दिसतंय. उद्या ये. ते टोक कसं सरळ करायचं ते दाखवतो. आणि ही बांगडी काढून ये.”

हे सगळे तिच्या आईकडून कळले. आई हल्ली फार बोलत नाही, एवढे मात्र विचारल्याशिवाय सांगते. खोळसर अजून शिकवतात. फक्त दांडा काढून झाला, की मुलांना म्हणतात, “कीस उचलू नका, गरम असतो.” मुलांना ते काही कळत नाही. हवेतला कीस कधी गरम नसतो, असा मुलांचा अनुभव आहे. परीक्षकांनी या अभ्यासक्रमाबाहेरच्या वाक्याबद्दल सरांना एकदा तोंडी समज दिली आहे.

संस्थेत प्रवेशासाठी यंदा रांग फाटकाबाहेर गेली होती. रांगेतल्या एका पालकाने आम्हाला विचारले, “संस्था कशी आहे हो?” आम्ही म्हटले, “उत्कृष्ट.” खोटे कशाला बोलायचे, आमचा धाकटाही त्याच रांगेत उभा होता.

वाचताना तुम्हाला हसू आले असेल. यावेच. पण तुम्ही तुमच्या लेकराला शाळेत घालायला गेला होतात, तेव्हा तुम्हालाही प्रयोगशाळा दाखवली होती. काचेचे कपाट, त्यात ओळीने मांडलेल्या परीक्षानळ्या, कपाटाला छोटेसे कुलूप. एकाही नळीला डाग नव्हता, एकही काळी पडलेली नव्हती. तुम्ही क्षणभर थांबून पाहिलेत, आणि घरी येऊन सांगितलेत, शाळा चांगली आहे, सगळे कसे अगदी नव्यासारखे ठेवले आहे.